मारुतीचे पाय आणि पैनगंगेचे पाणी

पैनगंगा माजली, दोन्ही काठ खाऊन शिवारात शिरली, तरी ती सावरघाटच्या मारुतीच्या पायांना पाणी लावते आणि मागे फिरते, अशी त्या गावाची श्रद्धा. माहेरवाशिणीने घाईघाईत यावे, बापाच्या पायांवर डोके ठेवावे आणि उंबऱ्यावरूनच सासरची वाट धरावी, तशी ती नदी. आजाने नातवाला सांगितले, नातू आजा झाला, त्याने आपल्या नातवाला सांगितले. ही श्रद्धा खोटी नव्हती, हे आधीच सांगितले पाहिजे. पिढ्यान्पिढ्या नदी खरोखरच तेथून परतत आली होती. पायांवरचा शेंदूर ओला झाला की गावातल्या बाया म्हणत, "लागलं बाई एकदाचं पानी," आणि बांधलेली गाठोडी सोडू लागत.

घाटाच्या जरा खालच्या अंगाला नळयोजनेचे पंपघर आहे. नदीचे पाणी विहिरीत, विहिरीतले मोटारीने नळात, नळातून टेकडीवरच्या टाकीत आणि टाकीतून घरोघरच्या हंड्या-गुंडात, असा त्या पाण्याचा प्रवास. पंपघराला एक खिडकी आहे, आणि त्या खिडकीतून मारुतीचे पाय समोर दिसतात. म्हणून पंप चालवणाऱ्या प्रत्येकाने आपल्यामागून येणाऱ्याला एकच नियम दिला: पाणी पायांना लागले की मोटार बंद करायची, बोल्ट सोडायचे, चेनपुलीने ती छताच्या तुळईपर्यंत ओढायची आणि निघून यायचे. त्याआधी बंद करायची नाही, कारण पुरानंतर कित्येक दिवस वीज येत नाही, आणि तोवर टाकीतल्या साठ्यावरच गावाची तहान भागते. जितके भरेल तितके भरायचे. देव सांगेल तेव्हा थांबायचे.

आज त्या खिडकीशी तुळसाबाई बसते. उंच, सावळी, कमी बोलणारी बाई. हाताला मोटारीच्या ग्रीसचा वास, कपाळ मोकळे. तिच्याआधी तेथे तिचा नवरा बसे. त्याचे नाव भीमराज. त्यांचे घर बौद्धवाड्यात, विहाराला लागून. मारुती त्यांचा देव नव्हता. पण नदीची खूण साऱ्या गावाची होती, आणि भीमराज ती खूण कोणाही भक्तापेक्षा अधिक निष्ठेने पाळी. भक्त शनिवारी दर्शनाला येतात. तो रोज, दिवसभर, त्या पायांकडे बघत बसे.

नदीच्या खळग्यात मोबाईलला रेंज नाही. म्हणून तेथे एक जुनी रीत अजून चालते. मोटार सुरू करण्याआधी पंपघरातल्या माणसाने लोखंडी नळावर पान्याने तीन टोले द्यायचे. लोखंड तो नाद उचलते आणि टेकडीवर नेते. टाकीपाशी बसणारा उकंडा तो ऐकतो, व्हॉल्व्ह उघडतो, आणि उलट दोन टोले देतो. त्या दोन टोल्यांचा अर्थ: उघडला, चालू कर. हा नळ बौद्धवाड्यातून जमिनीच्या वर, उघडा जातो, तुळसाबाईच्या अंगणाच्या कडेने. लग्न होऊन आली त्या दिवसापासून नवऱ्याचे टोले तिने चुलीपाशी बसून ऐकले. त्याचा हात त्यात ओळखू येई. दोन टोले जवळजवळ, आणि तिसरा जरा उशिरा. जणू मध्ये त्याने घराकडे एकदा बघून घेतले. ती भाकरी थापता थापता म्हणे, "हो, हो, आयकलं." तेवढाच त्यांचा दिवसाचा संवाद, आणि तो पुरे.

मग तो आषाढ आला. वर कोठे आभाळ फाटले ते सावरघाटला कळले नाही. पाणीच सांगत आले. गाव घाटावर जमा झाले. मारुतीच्या पायऱ्यांवर माणसे उभी, छत्र्या उघडलेल्या, डोळे देवाच्या पायांवर. खाली पंपघरात भीमराजची मोटार चालू होती. कोणीतरी वरून ओरडले, "भीमराज, पाय कोरडे हायेत रे अजून! भर टाकी!" आणि खिडकीतून त्याचा हात हलला. लोकांनी तो हात पाहिला. पुन्हा कोणी ओरडले, पुन्हा तो हात हलला. पाणी वाढत राहिले, आणि पायांच्या खाली हातभर अंतरावर थबकले. थबकले, घोटाळले, आणि उतरू लागले. गावाने टाळ्या पिटल्या. यंदा देवाने पायांशीही येऊ दिले नाही, म्हणून कोणी नारळ फोडला. त्या नारळाचा आवाज विरतो न विरतो तोच एका बाईने घाटाखाली बोट दाखवले. पंपघराच्या जागी पाण्यावर नुसते छत तरंगल्यासारखे दिसत होते.

भीमराज पलीकडच्या, तेलंगणाच्या काठाला सापडला, बाभळीत अडकलेला. त्याचा पाना कधीच सापडला नाही.

मरणाला कारण लागते. कारण मिळाले नाही तर गावाला जेवण गोड लागत नाही. पहिल्या दिवशी कोणी म्हणाले, झोपला असेल. आठवड्याने ते झाले, झोपला होता. पोळ्यापर्यंत त्याला बाटलीही जोडली गेली. ज्या माणसाने विहारात पंचशील घेऊन ते जन्मभर सांभाळले, त्याच्या हातात गावाने मेल्यावर बाटली दिली. आणि ज्यांनी त्याचा हलणारा हात आपल्या डोळ्यांनी पाहिला होता, तेही हे ऐकून मान डोलावू लागले. झोपलेल्या माणसाचा हात हलत नाही, हे एवढ्या मोठ्या गावात एकालाही आठवले नाही.

तुळसाबाईने नवऱ्याच्या जागी काम मागितले, पंचायतीने दिले. पोटासाठी मागितले, असे गावाला वाटले, आणि ते खरेच होते. पण पोटाच्याही खाली एक प्रश्न होता आणि तो तिला गिळत होता. तो का थांबला? नदी ओळखणारा माणूस, पाण्याचा वास घेऊन पाऊस सांगणारा माणूस, कमरेइतके पाणी आल्यावरही त्या खिडकीशी का उभा राहिला? या प्रश्नाला उत्तर नाही म्हणून तो झोपला होता. उत्तर मिळाले तरच तो जागा होणार होता.

आणि त्याचे टोले थांबले नव्हते. मोटार बंद असता, उकंडा घरी जेवायला गेलेला असता, भर दुपारी अंगणातल्या नळात नाद होई. टण्, टण्... आणि जरा उशिराने, टण्. तुळसाबाई हातातले काम टाकून उभी राही. नळातली हवा असे वाजवते, ऊन-सावलीने लोखंड फुगते आणि आकसते, हे तिला कोणी समजावून सांगायला नको होते. ती स्वतः पंप चालवत होती. पण हवेला कधी तिसऱ्या टोल्यापाशी घुटमळताना कोणी ऐकले आहे?

यंदा उन्हाळ्याच्या शेवटी यवतमाळहून निशिगंधा नावाची तरुण अभियंता आली. नदीकाठच्या नळयोजना आणि सांडपाण्याचे नाले पुराला कसे तोंड देतील ते बघायचे, आणि पावसाच्या आधी तयारी करून घ्यायची, हे तिचे काम. पुसदची मुलगी, बोलायला मोकळी. तिने तुळसाबाईबरोबर पंपघर पायाखाली घातले. तुरटीची आणि ब्लिचिंग पावडरची पोती जमिनीवर होती, ती वरच्या फळीवर घ्यायला सांगितली. पंपघराच्या मागून गावाचे सांडपाणी आणणारा नाला वाहतो. नदी चढली की तोच नाला उलटा गावात घुसतो, म्हणून त्याच्या तोंडाला लोखंडी झडप बसवून दिली. नवा उंच ओटा बांधायचा, पण तो पुढल्या उन्हाळ्यात.

"या पावसाळ्यात माणूस आणि मोटार वाचवायची तर एक खूण पक्की हवी," मोजणीची दुर्बीण तिपाईवर लावत निशिगंधा घाटावर जमलेल्यांना म्हणाली. "कोणत्या पाण्याला पंप बंद करून माणसाने निघायचं?"

सदाशिवराव हसले. ते मंदिराचे पंच, पाणी समितीचे अध्यक्षही तेच. पांढरी टोपी, भारदस्त आवाज, आणि मनाने वाईट माणूस नव्हे. "मॅडम, कायले तीन पायाची दुर्बीण लावता? आमची दुर्बीण मारुती हाय. पायाले पानी लागलं का निघाचं. आजापासून हेच चालत आलं."

"राहू द्या की, मोजून घेते," निशिगंधा म्हणाली आणि तुळसाबाईच्या हाती मापाची उंच पट्टी दिली. "मावशी, ही मंदिराच्या ओट्याशी उभी धराल?"

तुळसाबाई पट्टी घेऊन ओट्याशी गेली. इतकी वर्षे त्या देवाच्या समोर राहून ती त्याच्या एवढ्या जवळ कधी आली नव्हती. कोणी अडवले नव्हते, कोणी बोलावलेही नव्हते. मागच्या पुराने ओट्याच्या चकचकीत फरशा उचकटल्या होत्या, त्यांच्यामागचा जुना दगड उघडा पडला होता. आणि त्या दगडावर, तिच्या गुडघ्याच्या उंचीला, तांबडे काही दिसत होते. झाडाच्या सालीसारखे जाड, पुटांवर पुटे चढलेले. तिने बोट लावले. बोट तांबडे झाले.

"दादासाहेब, हे तांबडं काय हाय?"

"शेंदूर व्हय तो," सदाशिवराव अभिमानाने म्हणाले. "जुनी बैठक. जीर्णोद्धार केला तवा देव वर घेतला आपून. पुरुषभर वर! आधी इथी पाय होते त्याचे. मंग पायऱ्या बांधल्या, फरशा लावल्या. दुरून दर्शन होते आता."

तुळसाबाईने मान वर करून देवाचे आजचे पाय पाहिले. मग खाली शेंदूर पाहिला. मग ती सावकाश वळली आणि तिने घाटाखाली, पंपघराच्या खिडकीकडे पाहिले. जीर्णोद्धार तिलाही आठवत होता. साऱ्या गावालाच आठवत होता. उन्हाळा होता, मांडव होता, पंगत होती. त्यानंतरचे कित्येक पावसाळे नदी पात्रातच राहिली. देव वर गेला, त्याची खूण वर गेली, आणि नियम जिथल्या तिथे राहिला.

"दादासाहेब," ती म्हणाली, आणि तिचा आवाज इतका हळू होता की लोकांना पुढे झुकावे लागले, "देव वर गेला हे नदीले कोनं सांगतलं?"

निशिगंधाने दुर्बिणीला डोळा लावला. आधी शेंदराची उंची घेतली, मग पंपघराच्या जमिनीची, मग खिडकीची, शेवटी देवाच्या आजच्या पायांची. दुर्बिणीवरून डोळा काढल्यावर ती सरळ तुळसाबाईशी बोलली.

"मावशी, पाणी शेंदराला लागेल तेव्हा पंपघर कोरडं असतं. मागचा नालाही ओलांडता येतो. पण देवाच्या आताच्या पायांना लागेल तेव्हा..." तिने घाटाखाली बोट दाखवले. "तेव्हा ती खिडकी पूर्ण पाण्याखाली असते. पाण्यानं पाय धुतलेले त्या खिडकीतून कधीच दिसणार नाहीत. कोणालाच नाही."

जे दिसणे शक्य नव्हते, त्याची वाट पाहत तो उभा राहिला होता. कारण नियम होता. कारण वरून गाव ओरडत होते, पाय कोरडे हायेत. तुळसाबाईने शेंदरावर बोट टेकवले.

"मले इथी एक रेघ पायजे," ती म्हणाली. "शेंदराच्या उंचीले. पांढरी. पंपघरातून दिसल अशी."

आता सदाशिवरावांचा चेहरा बदलला. "देवाच्या ओट्यावर रेघा माराच्या? अवं बाई, देवाले खाली आनतं काय?"

"देव वरच राहू द्या, दादासाहेब. माहं मानूस खाली राह्यलं, मी त्याचं म्हनून राह्यली."

"भीमराज झोपला व्हता, त्याच्यात देवाचा काय दोष? उद्याच गवंडी येऊन फरशा लावते इथी. आन् आयकून ठेव, पायाले पानी लागाच्या आधी पंप बंद झाला, गाव तहानलं, तं तुह्या जागी दुसरा मानूस बसल. समितीचा ठराव समज."

दुसऱ्या दिवशी गवंडी आला आणि शेंदूर फरशीआड गेला. पण निशिगंधाने जाण्याआधी तीच उंची पंपघराच्या दाराच्या खांबावर, उंबऱ्याच्या जरा खाली, खडूने आखून दिली होती. तुळसाबाईने तेथे विहारातून आणलेल्या निळ्या रंगाची रेघ ओढली. गावाने तिला नाव दिले, भीमराजची उशी. "तुळसाबाई, रेघ मारली का गोधडी आंथरली वं?" असे टवाळ पोरे विचारीत.

त्याच आठवड्यात ती टेकडी चढून उकंडाकडे गेली. उकंडा वाळका, दमेकरी, भीमराजच्या बरोबरीचा. तिने दुर्बिणीने सांगितलेले सारे त्याला सांगितले. तो ऐकत गेला आणि त्याची बिडी बोटांतच विझली.

"वयनी, तुमाले एक गोठ सांगाची राह्यली हाय," तो म्हणाला. "त्या दिसी मोटार बंद पडली. नळ थंडा झाला. आन् मंग टोले आले. तीन. म्या दोन देल्ले. पुन्हा तीन आले. पुन्हा दोन देल्ले. मले वाटलं, लाईट येऊन-जाऊन राह्यली, गडी मोटार चालू करून राह्यला. तो तीन मारे, म्या दोन मारो. म्या त्याले म्हनत राह्यलो, चालू कर, चालू कर. आन् तो मले काय म्हनत व्हता वं, वयनी?"

तुळसाबाई बराच वेळ नळावर हात ठेवून बसली. लोखंड उन्हाने तापले होते, तरी तिने हात काढला नाही.

"दुसरं म्हनाले टोलाच नव्हता तुमच्यापाशी, उकंडाभाऊ. ना त्याच्यापाशी 'ये' म्हनाचा, ना तुमच्यापाशी 'निघ' म्हनाचा."

"नव्हता खरा."

"मंग आज ठरवू. एकच टोला, जीव खाऊन हानलेला. त्याचा अर्थ, सारं सोड आन् निघून ये."

उकंडाने पाना उचलला आणि शिकत असल्यासारखा एकदा मारून पाहिला. टेकडीवरून तो नाद उतरत गेला, बौद्धवाड्यातून गेला, पंपघरात गेला आणि नदीपाशी थांबला. दोघेही ऐकत राहिले. उत्तर आले नाही. उत्तराची वाट पाहिली हे दोघांनीही एकमेकांना सांगितले नाही.

श्रावण लागला, आणि एका सकाळी पैनगंगेचा रंग बदलला. तांबूस, मग काळपट. ओंडके वाहू लागले, मग एखादे जनावर. तुळसाबाईने उजाडताच मोटार लावली होती. वीज टिकली होती. पोती फळीवर होती, नाल्याची झडप तिने स्वतः पाडली होती, टाकी काठोकाठ येत चालली होती. उकंडाला तिने निरोप पाठवला, आणि तो धापा टाकत खाली आला; या खेपेला पंपघरात एकट्याने राहायचे नाही, एवढे त्यांचे ठरले होते.

घाटावर गाव जमले. तीच माणसे, त्याच पायऱ्या, त्याच छत्र्या, आणि डोळे देवाच्या पायांवर. तुळसाबाई मात्र देवाकडे पाहत नव्हती. ती दाराच्या खांबाकडे पाहत होती. पाणी पायरी चढले, मांजरासारखे खांबाला अंग घासत वर सरकले, आणि उंबऱ्याखालच्या निळ्या रेघेला टेकले.

तिने बटण दाबले. मोटारीचा घोर थांबला, आणि त्या शांततेत वरून हाक आली.

"अवं तुळसाबाई! काहून बंद केली? पाय कोरडे हायेत अजून!"

तेच शब्द. तीच चाल. आवाजही बहुधा तोच. त्या हाकेला उत्तर द्यायला तिचा हात आपोआप उचलला गेला, खिडकीपर्यंत गेला. आणि तिला वाटले, हा हात आपला नाही. असाच एक हात येथून हलला होता. आणखी थोडे थांबू, असे त्या खिडकीनेच तिच्या कानात म्हटले. अजून टाकी वीतभर रिकामी आहे. अजून पाय कोरडे आहेत. नोकरी जाईल. गाव नावे ठेवील. थोडे थांब, तुळसे, थोडे थांब.

"वयनी!" उकंडा ओरडला. "हात चालवा!"

ती भानावर आली. बोल्टांना तेल घालून ठेवलेले होतेच, ते भराभर सुटले. दोघांनी साखळी ओढली. चेनपुली करकरली, मोटार जड गरोदर म्हशीसारखी डुलत उठली आणि तुळईला जाऊन टेकली. साखळीची गाठ मारली. बाहेर नाला गुडघ्याला लागला. तो त्यांनी हातात हात धरून ओलांडला, आणि टेकडीच्या चढाला लागले तेव्हा मागे पाहिले. जेथून पाय टाकून आले होते, तेथे आता भोवरा फिरत होता.

टाकीपाशी पोचेपर्यंत सदाशिवराव घाटावरून तरातरा चढून आले होते, मागे दहा-वीस माणसे. ते ओरडतच आले. "कोनाले इचारून बंद केली? पाय कोरडे हायेत! डोये फुटले का तुहे?"

तुळसाबाईने नुसते खाली पाहिले, म्हणून साऱ्यांनी खाली पाहिले. टेकडीवरून मंदिर आणि पंपघर दोन्ही एका नजरेत दिसतात. घाटावरून ते असे एकदम दिसत नाहीत. घाटावर उभे राहिले की एकतर देव दिसतो, नाहीतर नदी. आता दोन्ही दिसत होते. पाणी खिडकीच्या खालच्या चौकटीशी आले. मग अर्ध्यात आले. मग खिडकी नव्हतीच. पंपघराचे छत तेवढे उरले, आणि त्यावर पुराचा फेस. आणि पलीकडे, उंच ओट्यावर, शेंदराने न्हालेले मारुतीचे पाय कोरडे ठणठणीत उभे होते. कोणाच्याही जिवाचा त्यांनी कधी वायदा केला नव्हता. वायदा माणसांनी केला, तो देवाच्या पायांना बांधला, आणि मग देव उचलून दुसरीकडे ठेवला.

सदाशिवरावांचे ओरडणे तोंडातच राहिले. खिडकीच्या जागेकडे बघत त्यांनी विचारले, "त्या दिसी... खिडकी बुडून राह्यली, तवा त्याले पाय दिसत असतील का वं?"

"कोरडेच दिसत असतील, दादासाहेब. दिसे तवरोक."

सदाशिवराव चिखलातच खाली बसले. टोपी काढून त्यांनी गुडघ्यावर ठेवली. "म्याच ओरडलो व्हतो त्याले," ते कोणालाही उद्देशून नव्हे असे म्हणाले. "आजबी म्याच ओरडलो." झोपला होता, हे त्या दिवसानंतर सावरघाटात कोणाच्या तोंडून ऐकू आले नाही. आणि पाणी ओसरल्यावर गवंडी पुन्हा आला, तेव्हा ओट्याची एक फरशी काढून टाकायला सदाशिवरावांनीच सांगितले. शेंदराचा तो जुना पट्टा आता उघडा आहे. खिडकीतून दिसतो.

पण ते पुढचे. त्या दुपारी माणसे अजून टेकडीवर उभी होती, पाऊस थांबला होता, नदीचा घोर तेवढा चालू होता. आणि नळात नाद झाला.

टण्. टण्.

उकंडाने तुळसाबाईकडे पाहिले. पंपघर पाण्याखाली होते. तेथे कोणी नव्हते. तेथून ती दोघेच शेवटची निघाली होती. कोणी म्हणाले, ओंडके आदळत असतील नळावर. असतील. नदीच्या पोटात काय काय असते ते नदीला ठाऊक.

मग, जरा उशिराने, तिसरा. टण्.

उकंडाचा हात सवयीने पान्याकडे गेला, दोन टोले द्यायला. तुळसाबाईने तो पाना त्याच्या हातून घेतला. इतकी वर्षे ज्याला सारे 'चालू कर' म्हणत राहिले, त्याला तिने पाना दोन्ही हातांनी डोक्यापर्यंत उचलून, जीव खाऊन, एकच टोला दिला.

लोखंड टेकडीवरून खाली वाजत गेले. बौद्धवाड्यातून, तिच्या अंगणाच्या कडेने, चुलीच्या जवळून, पाण्यात. तिने नळाला कान लावला आणि डोळे मिटून, उत्तर येऊ नये, तो निघालेला असावा, अशी मनोमन प्रार्थना करत, ती ऐकत राहिली.

उत्तर आले नाही.